एचपीव्हीची लस पुरुषांना नको असते, की मागता येत नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी नाशिकमध्ये एमएसएम, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. एचआयव्ही, सिफिलिस, कंडोम या विषयांवर ही मुलं आता मोकळेपणाने बोलतात. एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीचं नाव काढलं की मात्र 'ताई, ती बायकांची ना?' म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. ही उदासीनता कशामुळे? आणि त्यांना नेमकं काय सांगायचं?"

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं त्वचारोग आणि गुप्तरोगाचे पेशंट बघतो आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली पोरं येतात, कॉलेजची येतात, निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार येतात, मालेगाव-सटाण्याहून पहाटेची एसटी धरून येणारेही असतात. गावात कुणी बघू नये म्हणून लांबच्या शहरात दाखवायचं, हा हिशोब त्यामागे असतो. या सगळ्यांशी बोलून माझं मत असं झालं आहे की उदासीनता फार थोड्यांत असते. पाच मिनिटं नीट समजावलं की बहुतेक जण तीन गोष्टी विचारतात: किती पैसे लागतील, कुठे मिळेल, आणि तिथे जाऊन काय सांगून मागू? खरी अडचण या तिसऱ्या प्रश्नात आहे. परदेशात समलिंगी पुरुषांवर जे अभ्यास झाले त्यांतही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लस घ्यायला तयार असणारे पुष्कळ, प्रत्यक्ष घेतलेले त्याहून बरेच कमी. आणि घेतलेल्यांत एक गोष्ट समान दिसते, ती म्हणजे डॉक्टरने स्वतःहून "घ्या" म्हटलेलं असतं.

"बायकांची लस" हे त्या मुलांच्या डोक्यातून आलेलं नाही, आपणच त्यांना तसं सांगितलं आहे. भारतात ही लस 2008 मध्ये आली ती गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस म्हणून. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तिची पोस्टर लागली, त्यांवर आई आणि मुलगी. 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात या लसीला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली ती 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी. देशातल्या बायकांवरचं ओझं बघता ते योग्यच आहे. पण पोस्टरवर कधीच न दिसलेल्या पुरुषाने "मला कुठे गर्भाशय आहे?" असं विचारलं तर त्याचं काही चुकत नाही.

त्याला सांगायचं ते इतकंच की हा विषाणू कातडीच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या संपर्कातून पसरतो, आणि गुदद्वार, लिंग, तोंड-घसा या सगळ्या जागी राहू शकतो. गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी सुमारे 90 टक्के कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात आणि त्यांत 16 नंबरच्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा आहे. सर्वसाधारण लोकांत हा कॅन्सर वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पण एचआयव्ही नसलेल्या पुरुषांत हा आकडा लाखात 19 च्या आसपास आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांत 85 च्या आसपास. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींवरून काढलेले आहेत. ते सांगताना घाबरवू नका. लाखातल्या 85 जणांना होतो याचा अर्थ बाकीच्यांना त्या वर्षी होत नाही, हेही त्याच दमात सांगा. घाबरलेला माणूस लस घ्यायला येत नाही, तो फोन उचलायचा बंद होतो.

माझा अनुभव विचाराल तर वीस-पंचवीस वर्षांच्या पोराला कॅन्सर फार लांबचा वाटतो. कोंब मात्र जवळचे वाटतात. गुप्तांगावर आणि गुदद्वाराभोवती येणारे कोंब, काही जण चामखीळ म्हणतात, ते सुमारे 90 टक्के वेळा एचपीव्हीच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात. भारतात मिळणाऱ्या, चार किंवा नऊ प्रकारांपासून बचाव करणाऱ्या लसींत हे दोन्ही आहेत. बहुतेकांच्या ओळखीत कुणाला तरी कोंब आलेले असतात. त्याचा त्रास, खर्च आणि लाज त्यांनी जवळून बघितलेली असते. म्हणून मी सुरुवात कोंबांपासून करतो.

हा त्रास कसा वाढतो ते एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चोविशीतला मुलगा, शिफ्ट ड्युटी, चार जणांत भाड्याची खोली. बसल्या बसल्या म्हणाला, "सर, मूळव्याध झालीय, मोड बाहेर आलेत." आधी 'मूळव्याध-भगंदर, विनाऑपरेशन' अशी पाटी असलेल्या एका ठिकाणी जाऊन आला होता. तिथे खाली न बघताच मलम आणि चूर्ण दिलं होतं. मसालेदार खाणं बंद केलं होतं, मेसवाल्याकडून ताक-भात मागवत होता. बसून काम करायचं म्हणून खुर्चीवर उशी घेऊन जायचा आणि सुपरवायझरला कारण सांगताना कानकोंडा व्हायचा. तपासलं तर गुदद्वाराभोवती फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे कोंब. मूळव्याधीचा पत्ता नाही. त्याला मी शांतपणे विचारलं, "मागून संबंध येतात का?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही विचाराल म्हणूनच येत नव्हतो."

समलिंगी पुरुषांच्या आरोग्यात मूळव्याध हा शब्द पडद्यासारखा वापरला जातो. घरी सांगता येतो, कंपनीत सांगता येतो, औषधाच्या दुकानात सांगता येतो. पण त्या पडद्याआड कोंब वाढतात, आणि कधी कधी सिफिलिससुद्धा. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात याच जागी ओलसर, चपटे उंचवटे येतात आणि घाईत बघणारा डॉक्टर त्यांना कोंब समजतो. म्हणून तुमच्याकडचा कुणीही 'मोड' म्हणाला तर व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही दोन्ही तपासण्या करून घ्या. सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगाचा सरकारी दवाखाना) आणि आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र) त्या मोफत होतात. कोंबांना जाळणं, गोठवणं, ॲसिड किंवा क्रीम लावणं हे उपचार आहेत, पण ते पुन्हा येऊ शकतात आणि पेशंटला पुन्हा पुन्हा यावं लागतं. त्या मुलाचे कोंब गेले, पण दवाखान्याच्या फेऱ्या मारण्यात बरेच महिने गेले. लस त्याने शेवटी घेतली. "ही आधी कुणी का नाही सांगितली?" हा प्रश्न त्याने रागाने विचारला, आणि तो राग रास्त होता.

आता तो तिसरा प्रश्न: काय सांगून मागू?

लस घ्यायला जायचं म्हणजे कुठे जायचं याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. नाशिकमध्ये ही लस बहुतेक बालरोगतज्ज्ञांकडे नाहीतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे असते, कारण लसींचा फ्रिज त्यांच्याकडेच असतो. बाळांना मांडीवर घेतलेल्या आयांच्या मध्ये पंचवीस वर्षांचा तरुण एकटा बसणार. रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर विचारणार, "पेशंटचं नाव काय? बेबी कुठंय?" तो "मलाच घ्यायचीय" म्हणणार, आणि ती आत जाऊन विचारून येणार. हे घडायच्या आधीच तो मनातल्या मनात दहादा घडवून बघतो आणि जात नाही. फॅमिली डॉक्टरकडे जावं तर ते वडिलांचे मित्र. कलम 377 चा निकाल 6 सप्टेंबर 2018 ला लागला, प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण निकालामुळे वेटिंग रूममधल्या खुर्च्या बदलत नाहीत. समलिंगी व्यक्तीला 'बदलण्याचे' उपचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवावं लागलं. डॉक्टरांवरचा अविश्वास कुठून आला हे यावरून समजावं.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे: लस घेण्यासाठी आपण कोण आहोत हे कुणालाही सांगायची गरज नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस 2023 पासून बाजारात आहे, आणि तिला मान्यता आहे ती 9 ते 26 वर्षांच्या स्त्री-पुरुष दोघांसाठी. "माझं वय चोवीस आहे, मला एचपीव्हीची लस घ्यायची आहे" एवढं वाक्य पुरतं. कारण विचारलं तर "कॅन्सर टाळायला" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे. हे वाक्य तुमच्या मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आपल्यात बसून एकदा म्हटलेलं वाक्य काउंटरवर म्हणायला सोपं जातं. तुम्ही स्वतः एखाद-दोन फिजिशियन किंवा त्वचारोगतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवलंत, की मुलगा फोन करून येईल, लस मागवून ठेवा, तर निम्मं काम होतं. लस मेडिकलमधून विकत घेऊन पिशवीत टाकून फिरवायची नाही. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, आणि मे महिन्यात सीबीएसपासून नाशिकरोडपर्यंत दुचाकीवर नेलेल्या लसीवर मी भरवसा ठेवणार नाही.

जे स्वतःला गे म्हणत नाहीत त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. कोती, पंथी, डबल डेकर हे संबंधांतल्या भूमिकेवरून पडलेले शब्द तुमच्या कामात रोजचे आहेत, पण माझ्याकडे येणारे अनेक जण यातलं काहीच स्वतःला लावत नाहीत. "मित्राबरोबर कधी कधी होतं," एवढंच. बायको-मुलं आहेत. त्यांना "एमएसएमसाठी लस" असं सांगितलंत तर ते ऐकणारच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती त्यांच्यासाठी नाहीच. या माणसांना घरच्यांची काळजी मात्र मनापासून असते. तुळशीचं लग्न उरकलं की लग्नं ठरलेली पोरं तपासणीला येऊ लागतात. "सर, हिला माझ्यामुळे काही होणार नाही ना?" हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो. त्यांना मी सांगतो की लस घ्या, आणि होणाऱ्या बायकोलाही वयात बसत असेल तर घ्यायला सांगा. लग्नाआधी दोघांनी घ्यायची लस म्हणून ती सहज घेता येते, कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही. ज्यांचं लग्न होऊन वर्षं झाली आहेत त्यांना सांगतो की तिशीनंतर बायकोची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. एक बागायतदार द्राक्षांची छाटणी उरकून आला होता. स्वतःसाठी लस घ्यायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही, पण बायकोची तपासणी लगेच करून आणली. मला ते पुढचं पाऊल वाटतं.

एचआयव्हीच्या सावलीत बाकी सगळं झाकलं गेलं, हेही एक कारण आहे. वीस-पंचवीस वर्षं आपण या समाजाशी बोललो ते एचआयव्हीबद्दल. रिपोर्ट निगेटिव्ह आला की "सुटलो" ही भावना त्यातून आली. कंडोम वापरतो म्हणजे झालं, असंही वाटतं. कंडोमने एचपीव्हीचा धोका कमी होतो, पण झाकल्या न जाणाऱ्या कातडीचा संपर्क उरतोच. म्हणून कंडोम हवाच आणि लसही हवी. आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या मुलांना तर आवर्जून सांगा, कारण धोका त्यांनाच जास्त. ही लस जिवंत विषाणूची नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचाची नुसती नक्कल असते, आत जनुकीय भाग नसतो, त्यामुळे सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असलेल्यांनाही देता येते. त्यांना तीन डोस पूर्ण द्यायचे.

"आता काय उपयोग, माझे तर आधीच संबंध आलेत." हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे आणि ते लपवू नका. लस सर्वांत चांगली काम करते ती संबंध सुरू होण्याआधी. आधी झालेला संसर्ग किंवा आलेले कोंब ती बरे करत नाही. 2011 मध्ये 16 ते 26 वयाच्या समलिंगी पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लसीतल्या प्रकारांचा संसर्ग आधी नसलेल्यांत आणि सगळे डोस घेतलेल्यांत, त्या प्रकारांमुळे गुदद्वारात होणारे कॅन्सरपूर्व बदल सुमारे 77 टक्के कमी झाले. आधी संसर्ग असलेले-नसलेले सगळे धरले तरी ते सुमारे निम्म्याने कमी झाले. म्हणजे संबंध आलेले असले तरी फायदा शून्य होत नाही. सगळे प्रकार एकाच माणसाला एकदम होणं दुर्मीळ आहे, जे झाले नाहीत त्यांच्यापासून बचाव उरतो. लसीआधी एचपीव्हीची तपासणी करायची गरज नाही. त्यासाठी कुणी पैसे उकळत असेल तर मुलांना तिथून उठून यायला सांगा.

सव्विशीनंतर गणित बदलतं. आपल्याकडच्या परवान्याच्या वयाबाहेर द्यायची तर तो डॉक्टर आणि पेशंट यांनी बोलून घ्यायचा निर्णय आहे, आणि फायदा वयाबरोबर कमी होत जातो. इंग्लंडमध्ये 2018 पासून 45 वर्षांपर्यंतच्या समलिंगी पुरुषांना लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत ही लस सरकारी खर्चाने दिली जाते. म्हणजे तिशी ओलांडलेल्याला "तुझी वेळ गेली" असं सरसकट सांगणं बरोबर नाही.

पैशांबद्दल लपवाछपवी नको. सर्वाव्हॅकचा एक डोस साधारण दोन हजारांत पडतो, नऊ प्रकारांची गार्डासिल दहा हजारांच्या घरात जाते. पंधरा वर्षांपुढच्यांना ठरलेलं वेळापत्रक तीन डोसांचं आहे: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. कंत्राटी कामगाराला सहा हजार रुपये म्हणजे पगाराचा मोठा लचका. "एकच डोस पुरतो असं वाचलंय" म्हणून कुणी येईल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य केला तो प्रामुख्याने 9 ते 20 वयाच्या मुली आणि तरुणींसाठी. इंग्लंडने 2023 पासून पंचविशीच्या आतल्या समलिंगी पुरुषांना एक डोस, त्यापुढे दोन, आणि एचआयव्ही असलेल्यांना तीन, असं ठरवलं आहे. आपल्याकडे मी तीनच सांगतो. पण बाविशीतला, एचआयव्ही नसलेला मुलगा पैशांअभावी एकावर थांबणार असेल तर "तीन जमत नसतील तर घेऊच नको" असं मी त्याला कधीही म्हणणार नाही.

व्हॉट्सॲपवरच्या भीतीबद्दल तुम्हाला विचारतीलच. 2010 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना लस देण्याचा प्रकल्प काही मृत्यूंनंतर थांबवला गेला, त्याचे मेसेज अजून फिरतात. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. संमती घेण्याच्या पद्धतीत मात्र गंभीर त्रुटी होत्या, आणि तेही सांगायला हवं. दंड दुखतो, कधी अंग गरम होतं, काही जणांना सुई टोचल्यावर चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. "ताकद" कमी होत नाही, वीर्यावर परिणाम होत नाही. हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, मनात ठेवतात, त्यामुळे तुम्हीच आधी बोला.

धोरणाबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियात मुलींना लस सुरू झाल्यावर काही वर्षांतच मेलबर्नच्या क्लिनिकमध्ये तरुण मुलींचे आणि मुलींशी संबंध असणाऱ्या मुलांचेही कोंब जवळजवळ दिसेनासे झाले. मुलींना मिळालेल्या संरक्षणाचा फायदा त्या मुलांनाही झाला. समलिंगी पुरुषांत मात्र तशी घट झाली नाही. होणारही नव्हती, कारण त्यांच्या संबंधांच्या साखळीत लस घेतलेलं कुणीच नव्हतं. 2013 मध्ये त्या देशाने शाळेतल्या मुलांनाही लस सुरू केली आणि पुढे तरुण समलिंगी पुरुषांतही हे विषाणू कमी झाले. बाराव्या वर्षी कुठला मुलगा पुढे कुणावर प्रेम करणार हे ना आईबापांना माहीत असतं ना त्याला. सगळ्यांना दिली तर कुणालाच सांगावं लागत नाही. आपल्याकडे मुलींचं काम आधी होणं योग्य आहे, पण तेवढ्यावर हा समाज सुरक्षित होणार नाही, हे आरोग्य खात्याच्या बैठकीत तुमच्यासारख्यांनी मांडायला हवं.

कामाच्या दोन-तीन गोष्टी. तारखा ठरवताना मुलांची शिफ्ट, सुट्टी, दिवाळीत गावी जाणं विचारात घ्या. दुसरा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घ्यायचा. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण लाजून परत येतच नाहीत. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर त्याच भेटीत दुसऱ्या दंडात घेता येते. लसीचं कार्ड घरी सापडेल ही भीती असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून कार्ड तुमच्याकडे सांभाळा. आणि कुणाला गुदद्वारातून रक्त पडत असेल, गाठ हाताला लागत असेल, न भरणारी जखम असेल किंवा सतत दुखत असेल, तर लसीचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासायला पाठवा. एआरटीवर असलेल्या पस्तिशीच्या पुढच्याला तर दुसऱ्या दिवशीच. सोबत जाता आलं तर जा. आणि चिठ्ठीवर 'मूळव्याध' लिहू नका, 'गुदद्वाराची तपासणी करावी' असं स्पष्ट लिहा, म्हणजे समोरचा डॉक्टर हातमोजे घालून खरंच बघेल.